जुन्या पिकअपमध्ये जादा मीटर कुठे बसवायचे: आधी जागा, मग सेन्सर, भोक सगळ्यात शेवटी

जुन्या पिकअपमध्ये ऑइल प्रेशर, टेम्परेचर, व्होल्ट असे जादा मीटर बसवताना काम बहुतेक वेळा एकाच कारणाने बिघडतं. मीटर हातात आले की लगेच ड्रिल हातात घेतलं जातं. डॅशबोर्डला ५२ मिलिमीटरचं भोक पडतं आणि मग कळतं की आत ब्लोअरची नळी आडवी आली आहे, किंवा स्टिअरिंगच्या आरीआड मीटर दिसतच नाही. जुन्या गाडीचा डॅशबोर्ड पुन्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणून इथे कामाचा क्रम उलटा ठेवला आहे: जागा ठरवायची, सेन्सर बसवायचा, मीटर मोकळा ठेवून गाडी चालवून बघायची आणि त्यानंतरच पत्र्याला किंवा प्लॅस्टिकला हात लावायचा.

हे सगळं जुनी बोलेरो पिकअप, टाटा २०७ अशा १२ व्होल्टच्या डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. वर्षागणिक आणि मॉडेलगणिक डॅशबोर्ड बदलतो. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीत बसलं म्हणून आपल्यातही बसेल असं धरून चालू नका.

१. मीटर किती आणि कोणते

तीन पुरेत. त्याहून जास्त लावले की चालत्या गाडीत एकही नीट वाचला जात नाही.

पहिला मान ऑइल प्रेशरचा. कंपनीचा लाल दिवा लागतो तो प्रेशर जवळजवळ संपल्यावर, आणि भरल्या गाडीत तोवर बेअरिंगला मार बसलेला असू शकतो. दुसरा कूलंटच्या टेम्परेचरचा. अनेक गाड्यांमध्ये मूळ काटा मधोमध येऊन थांबतो आणि तापमान बरंच चढेपर्यंत तिथून हलत नाही. तिसरा व्होल्टमीटर.

टर्बो असेल आणि घाटात भरल्या गाडीने नेहमी जात असाल, तर अपवाद म्हणून चौथा घ्या: व्होल्टमीटर बाजूच्या जागेत टाकून तिसऱ्या चांगल्या जागेवर बूस्ट मीटर, म्हणजे टर्बो इंजिनात किती दाबाने हवा भरतो ते दाखवणारा. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटरही मिळतो, पण त्यासाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या भागाला) भोक पाडावं लागतं. ते मॅनिफोल्ड खाली उतरवूनच करायचं, कारण लोखंडाचा कीस टर्बोत गेला तर त्याची पाती खराब होतात. घरच्या घरी करण्याचं ते काम नाही.

अँपिअर मीटर मात्र घेऊ नका. त्यासाठी गाडीचा बहुतेक सगळा करंट जाड वायरने केबिनमध्ये आणून परत न्यावा लागतो. जुन्या वायरिंगमध्ये ती वायर कुठे घासली तर सरळ आगीशी गाठ आहे. चार्जिंगबद्दल जे कळायला हवं ते व्होल्टमीटर सांगतो.

२. पुठ्ठ्याच्या चकत्या लावून जागा शोधा

अजून मीटर विकत घेतलेले नाहीत, हे गृहीत आहे. बाजारात सर्वाधिक मिळणारा आकार ५२ मिलिमीटरचा, त्याखालोखाल ६० चा. भोकाचा आकार ५२ असला तरी बाहेरची कडी त्याहून मोठी असते. म्हणून पुठ्ठ्याच्या चकत्या ६० मिलिमीटर व्यासाच्या कापा. त्यावर स्केचपेनने अंक आणि काटा काढा आणि दुहेरी टेपने मनातल्या जागांवर चिकटवा.

आता सीट नेहमीच्या जागी ठेवून, पाठ टेकून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसा. मान न हलवता, फक्त नजर वळवून चकतीवरचे अंक वाचता येतात का? स्टिअरिंग सरळ असताना, अर्धं वळवल्यावर आणि पूर्ण वळवल्यावर बघा. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या गिअरमध्ये हात कुठे येतो तेही बघा. गाडी दोघे चालवत असतील तर उंच आणि बुटका, दोघांनाही बसवा.

चकत्या तशाच लावून दोन-चार दिवस रोजचं काम करा. मालाची चढउतार करताना कोणाचा हात लागतो, मधे बसणाऱ्याचा गुडघा कुठे आदळतो, दुपारचं ऊन कुठल्या चकतीवर थेट येतं, हे त्याशिवाय समजत नाही. रात्री एकदा चकतीच्या जागी मोबाइलची स्क्रीन मंद करून धरा आणि समोरच्या काचेत तिचं प्रतिबिंब पडतं का ते पाहा.

> तपासा: अंक वाचायला नजर रस्त्यावरून खाली गेली आणि शोधत बसावी लागली, तर ती जागा ऑइल प्रेशरसाठी बाद. व्होल्टमीटरसाठी चालेल.

३. केबिनमधल्या जागा, एकेक करून

समोरच्या काचेच्या कडेचा खांब (ए-पिलर). नजरेच्या सगळ्यात जवळची जागा, म्हणून सगळ्यांना आवडते. पण आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि घाटातल्या उजव्या वळणावर हाच खांब समोरून येणारी मोटरसायकल झाकतो. त्यावर दोन मीटर चढवले की आंधळा कोपरा आणखी रुंद होतो. बसवायचाच तर एकच मीटर, खांबाच्या खालच्या टोकाला, डॅशबोर्डला टेकेल असा. दुसरं म्हणजे काचेचं रबर जुनं झालेलं असेल तर पावसाळ्यात पाणी याच खांबाच्या आतून खाली येतं. वायर तिथून न्यायची असेल तर आधी पाइपने काचेवर पाणी मारून गळती बघा.

डॅशबोर्डचा वरचा भाग. वाचायला उत्तम आणि बहुतेक वेळा आतही मोकळी जागा असते. दोन अडचणी आहेत. रात्री काचेत प्रतिबिंब पडतं, त्याला उपाय म्हणजे वर झापड असलेला मॅट काळा डबा आणि मीटर किंचित खाली झुकवणं. दुसरी अडचण उन्हाची. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की दुहेरी टेप सुटते आणि डबा सरकतो. इथे टेपवर विसंबू नका, खालून स्क्रू आणि वायसर लावा. मीटर काचेच्या खालच्या कडेच्या वर येऊन रस्ता झाकणार नाही, हे सीटवर बसूनच ठरवा. व्यावसायिक गाडी फिटनेसला जाते तेव्हाही ड्रायव्हरची नजर मोकळी असायलाच हवी.

डॅशबोर्डच्या खाली लटकणारी तीन मीटरची पट्टी. तयार मिळते, दोन-तीन स्क्रूंत बसते, डॅशबोर्ड कापावा लागत नाही. म्हणून सर्वाधिक गाड्यांत हीच दिसते. पण नजर फार खाली जाते आणि पुढे तिघे बसत असतील तर मधल्या माणसाचा गुडघा तिच्यावर आदळतो. ही पट्टी लावायचीच असेल तर ती ड्रायव्हरच्या दिशेला तिरकी ठेवा आणि ऑइल प्रेशरसाठी वेगळा इशारा दिवा किंवा बझर जोडा. मीटर दिसत नसेल तर निदान कानाला कळावं.

रेडिओची जागा. रेडिओ नसलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीत मोठा मोह होतो. पण एक-मजली रेडिओची खाच साधारण १८२ बाय ५३ मिलिमीटरची असते. ५२ चा मीटर कागदावर बसतो, प्रत्यक्षात त्याची कडी वर-खाली अडते. खाचेपेक्षा उंच अशी दोन मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी बाहेरून लावून त्यात मीटर बसवावे लागतात आणि आतली पत्र्याची चौकट काढावी लागते. एवढं केलं तर काम दिसायला सुबक होतं आणि मीटर मागेपर्यंत नीट टेकतात. दोन-मजली खाच असेल तर प्रश्नच नाही.

अ‍ॅश-ट्रे आणि रिकाम्या स्विचच्या जागा. अ‍ॅश-ट्रे काढली की एका मीटरपुरती जागा मिळते. व्होल्टमीटरसाठी हीच जागा मला सगळ्यात पटते. मूळ अ‍ॅश-ट्रे जपून ठेवा, गाडी विकताना परत बसवता येते.

छताला, आरशाच्या वर. इथून वायर खांबातूनच खाली आणावी लागते आणि कच्च्या रस्त्यावर सगळं थरथरतं. इलेक्ट्रिक मीटर चालेल, तेलाची नळी असलेला मेकॅनिकल मीटर इथे कधीही नको.

ग्लोव्ह बॉक्सचं झाकण. नको. झाकण उघड-बंद होताना वायर रोज त्याच ठिकाणी दुमडते आणि तुटते. शिवाय मीटर ड्रायव्हरपासून पार पलीकडे जातात.

माझा कौल असा: ऑइल प्रेशर आणि टेम्परेचर डॅशबोर्डच्या वर, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला झापडाच्या डब्यात शेजारीशेजारी, आणि व्होल्टमीटर अ‍ॅश-ट्रेच्या जागी.

४. जागेच्या मागे काय आहे ते हाताने चाचपा

जागा पसंत पडली तरी निर्णय अजून झालेला नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, खालचं कव्हर सोडा आणि टॉर्च घेऊन आत बघा. जे दिसत नाही ते बोटांनी चाचपा. वायपरची मोटर आणि तिचे दांडे, ब्लोअरची नळी, स्पीडोमीटरची केबल, स्टिअरिंगचा आधार, वायरिंगचा मुख्य गठ्ठा, या पाच गोष्टी आडव्या येतात. वायपरचे दांडे चालू केल्यावर सरकतात. बंद असताना मोकळी दिसलेली जागा वायपर फिरताना मोकळी राहीलच असं नाही. त्यामुळे निगेटिव्ह परत लावून, हात बाहेर ठेवून, वायपर फिरवून एकदा बघा.

खोली मोजताना मीटरची खोली, अधिक मागचे टर्मिनल आणि वळणारी वायर असा हिशेब धरा. मीटरच्या मागे आणखी निदान २५ मिलिमीटर मोकळे हवेत. मेकॅनिकल मीटर असेल तर जास्तच, कारण नळीला घट्ट वळण देता येत नाही.

> सावधान: स्टिअरिंगवर एअरबॅगची खूण असेल तर स्टिअरिंगच्या खांबाला किंवा त्याच्या कव्हरला काहीही लावू नका आणि पिवळ्या आवरणातल्या वायरना हात लावू नका.

५. मीटर आणि सेन्सर जोडीनेच घ्या

इथे पैसे वाया जातात. इलेक्ट्रिक मीटर सेन्सरचा रेझिस्टन्स वाचतो आणि प्रत्येक पद्धतीचा रेझिस्टन्स वेगळा असतो. एका प्रकारचा प्रेशर सेन्सर १० ते १८० ओहममध्ये चालतो आणि प्रेशर वाढलं की त्याचा आकडा वाढतो. दुसरा २४० ते ३३ मध्ये चालतो, त्यात प्रेशर वाढलं की आकडा उतरतो. एकाचा मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला तर काटा हलेल, पण खोटं सांगेल. दोन्ही एकाच डब्यातले घ्या.

मूळ सेन्सरच्या वायरवर नवा मीटरही जोडायचा, ही सूचना बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळते. ती ऐकू नका. एकाच सेन्सरवर दोन मीटर लावले की दोन्ही चुकीचं दाखवतात. नव्या मीटरला त्याचा स्वतःचा सेन्सर हवा.

मेकॅनिकल ऑइल मीटर स्वस्त आणि अचूक असतो, पण त्याच्या नळीतून गरम तेल थेट केबिनमध्ये येतं. जुन्या, थरथरणाऱ्या डिझेलमध्ये ती नळी फुटली की तेल पायावर आणि पेडलवर पडतं. रोज धावणाऱ्या गाडीत इलेक्ट्रिकच घ्या. मेकॅनिकल टेम्परेचर मीटरची बारीक नळी सीलबंद असते. ती कापली किंवा मुडपली तर मीटर गेलाच.

६. सेन्सर कुठे बसवायचा

ऑइल प्रेशर. ब्लॉकवर लाल दिव्याचा स्विच असतो, तिथेच टी-जोड लावून दोन्ही बसवायचे. मूळ दिवा काढून टाकू नका. आटे मात्र मोजून घ्या. १/८ एनपीटी (अमेरिकन मापाचे) आणि १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) हे दोन आटे डोळ्यांना सारखे दिसतात, पण पहिल्यात इंचाला २७ आटे असतात आणि दुसऱ्यात २८. दोन-तीन फेरे हाताने जातात, मग अडतं, मग पान्याने जोर लावला जातो आणि ब्लॉकमधलेच आटे खराब होतात. जुना स्विच काढून लेथवाल्याकडे न्या आणि त्याच आट्यांचा जोड करून घ्या.

पितळेच्या टी-जोडावर जड सेन्सर तसाच लोंबकळत ठेवला तर इंजिनाच्या थरथरीने जोड मुळाशी तडकतो. मग सगळं इंजिन ऑइल रस्त्यावर जातं. त्याऐवजी ब्लॉकपासून जाळीदार वेष्टनाची छोटी लवचीक नळी काढा आणि टी-जोड व सेन्सर बाजूच्या पत्र्यावर क्लॅम्पने घट्ट धरा. असं केलं की सेन्सरला वेगळी अर्थ वायर (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) द्यावी लागते, कारण तो आता इंजिनाला टेकलेला नसतो. मूळ स्विच एकाच वायरचा असेल तर त्यालाही हीच अर्थ लागेल, नाहीतर लाल दिवा कधी लागणारच नाही.

टेम्परेचर. सर्वात चांगली जागा सिलिंडर हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरात, पण इंजिनाच्या बाजूला. तिथे रिकामं बूच नसेल तर वरचा रेडिएटर होज कापून मधे अ‍ॅल्युमिनिअमचा जोड बसवतात. हे सोपं आहे, पण दोन गोष्टी माहीत हव्यात. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत त्या होजमध्ये गरम पाणी येतच नाही, त्यामुळे सुरुवातीला काटा खाली राहतो. आणि दोन्हीकडे रबर असल्यामुळे जोडाला अर्थ मिळत नाही, तिथेही वेगळी वायर लागते.

याहून महत्त्वाचं: होज फुटून पाणी निघून गेलं तर कोणताही पाण्यातला सेन्सर हवेत राहतो आणि कमी तापमान दाखवू शकतो. इंजिन तापत असतं आणि काटा खाली येत असतो. म्हणून शक्य असेल तर हेडच्या एखाद्या बाहेरच्या बोल्टखाली बसणारा, वॉशरच्या आकाराचा सेन्सर घ्या. तो धातूचंच तापमान दाखवतो, पाणी असो वा नसो. मात्र हेड ब्लॉकवर आवळणाऱ्या मुख्य बोल्टना हात लावायचा नाही. ब्रॅकेट धरणारा छोटा बोल्ट निवडायचा.

बूस्ट. इनटेक मॅनिफोल्डवरून किंवा टर्बो ते मॅनिफोल्ड या पाइपवरून बारीक नळी घ्या. टर्बोच्या वेस्टगेटकडे (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेकडे) जाणाऱ्या नळीला टी-जोड लावू नका. तिथे गळती झाली तर बूस्ट मर्यादेबाहेर जातो.

> सावधान: ही सगळी कामं इंजिन पूर्ण थंड असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

७. वायरिंग

केबिनमध्ये वायर नेताना इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला आधीच असलेलं रबरी ग्रोमेट वापरा. नवं भोक पाडलंच तर कड घासून, रंग लावून, ग्रोमेट बसवूनच वायर ओढा. नुसत्या पत्र्यातून गेलेली वायर घासून शॉर्ट होते. बोनेटमध्ये वायर कोरुगेटेड पाइपमध्ये ठेवा आणि एक्झॉस्टपासून लांब न्या.

मीटरसाठी ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर पुष्कळ झाली. सप्लाय चावी ऑन केल्यावरच येणाऱ्या लाइनवरून घ्या, ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज जिथून सप्लाय घेतला त्याच टोकाला लावा. फ्यूज मीटरजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षण राहत नाही. मीटरचा उजेड पार्किंग लाइटच्या लाइनवर जोडा. वायरवर नुसते दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे कनेक्टर टाळा, पावसाळ्यानंतर ते हिरवे पडतात. सोल्डर करा किंवा नीट क्रिम्प करून वर हीट श्रिंक चढवा.

सगळ्या मीटरची अर्थ एकाच ठिकाणी, रंग खरवडून, बोल्ट-नटने. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधल्या स्क्रूला अर्थ जोडलेली सापडते, ती अर्थ नव्हेच.

८. मीटर सीटवर ठेवून गाडी चालवा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. वायर थोडी लांब ठेवा, मीटर फडक्यात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवा, सोबत कोणीतरी बसवा आणि गाडी अर्धा तास फिरवा. वाचन सोबत्याने करायचं.

इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. मल्टिमीटर थेट बॅटरीवर लावून ताडून बघा. फरक ०.३ पेक्षा जास्त असेल तर सप्लाय किंवा अर्थ सैल आहे. हेडलाइट लावल्याबरोबर टेम्परेचरचा किंवा ऑइलचा काटा सरकला तर बहुतेक वेळा अर्थ खराब असते. ऑइल प्रेशर थंड इंजिनात जास्त आणि गरम झाल्यावर कमी दिसणं बरोबर आहे. गरम इंजिनात, आयडलवर किती असावं हे आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून बघा.

थांबल्यावर बोनेट उघडून प्रत्येक जोडाभोवती पांढरा कागद फिरवा. तेलाचा ठिपका लगेच दिसतो.

९. आता भोक

वरून मास्किंग टेप लावा, मध्य ठरवा, ३ मिलिमीटरचं छोटं भोक पाडा आणि त्यातून तार घालून मागे काही लागत नाही ना हे शेवटचं बघा. मगच ५२ चा होल सॉ. प्लॅस्टिकवर ड्रिल हळू फिरवा, वेगाने फिरवलं तर प्लॅस्टिक वितळून कड ओबडधोबड होते. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ असतं, मागून लाकडाचा तुकडा धरता आला तर धरा. पत्रा असेल तर कड कानशीने साफ करून प्रायमर लावा. भोक जरा घट्ट राहिलं तर कानशीने वाढवता येतं, मोठं झालं तर उपाय नाही.

मागचा यू-क्लॅम्प बोटांनीच आवळा. पाना लावला तर मीटरची बॉडी वाकते आणि काटा घासायला लागतो.

क्लॅम्प पूर्ण आवळण्याआधी मीटर फिरवून असा बसवा की गरम इंजिनात, नेहमीच्या वेगाला सगळे काटे सरळ वर राहतील. आकडे तिरके दिसतील, दिसू द्या. एक काटा वाकडा झाला की कोपऱ्यातल्या नजरेलाही कळतं, अंक वाचायची गरज पडत नाही.

१०. पहिले ५०० किलोमीटर

साधारण १०० किलोमीटरनंतर होजचे क्लॅम्प आणि अर्थचे बोल्ट पुन्हा आवळा, ५०० नंतर परत एकदा. तेलाच्या जोडांना फक्त गळती आहे का ते बघा, उगाच आवळत बसू नका, बारीक आटे पितळेचे असतात. कूलंटची पातळी रोज सकाळी थंड इंजिनात बघा, होज कापला असेल तर आत राहिलेली हवा निघून पातळी खाली येते.

याच काळात एका कागदावर चार ओळी लिहून सनव्हायझरला लावा: थंड आयडल, गरम आयडल, रिकामी गाडी सपाट रस्त्यावर, भरली गाडी घाटात. आंबोली किंवा अणुस्कुऱ्यासारख्या लांब चढावर तिसऱ्या गिअरला टेम्परेचर कुठे जाऊन थांबतं ते या चौथ्या ओळीत लिहा. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती देताना तो कागद आधी दाखवा आणि कोणत्या आकड्याला गाडी बाजूला घ्यायची, तेही त्यावरच लिहून ठेवा.